पेपर कुणाच्या पैशावर निघतो

सांगलीत दोन माणसं भेटली आणि राजकारणावर बोलली नाहीत, असं फारसं घडत नाही. माझ्या लहानपणी 'दादा की बापू' हा वाद घराघरांत होता. वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील यांच्या त्या संघर्षावरून लग्नाच्या पंगतीतून हात धुऊन उठलेली माणसं मला आठवतात. वाद कडाक्याचे असत, पण वाद घालणाऱ्याजवळ स्वतःचं काहीतरी असे. तो कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलेला असे, त्याच्या उसाचं बिल थकलेलं असे, नेत्याचं भाषण त्यानं मैदानात मांडी घालून ऐकलेलं असे. आता वादाला लागणारा सगळा माल बाहेरून येतो. रात्री चॅनेलवरच्या चर्चेतून येतो, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. म्हणून तो माल कोण बनवतं आणि त्याचे पैसे कोण देतं, हा प्रश्न मला पक्षाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

माझे मामा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या कामाला होते. आता निवृत्त आहेत. आमराईत फिरून झालं की आमच्याकडे चहाला थांबतात आणि चहाबरोबर वाद ठरलेला. "सगळे विकले गेलेत बघ," हे त्यांचं पहिलं वाक्य. पेपर विकले गेले, चॅनेल विकले गेले, पत्रकार विकले गेले. एकदा मी विचारलं, "मामा, तुमच्याकडं पेपर येतो का?"

"येतो की. रोज सहाच्या ठोक्याला येतो." त्यांनी फोन काढून दाखवला. एका ग्रुपवर चार पेपरांच्या पीडीएफ येऊन पडल्या होत्या.

"ह्यातल्या एकाचे तरी पैसे दिलेत तुम्ही?"

"फुकट येतंय तर पैसे कशाला देऊ?"

"मग तुम्ही घेत नाही, म्हणून ते दुसऱ्याला विकले जातात."

मामा त्या दिवशी चहा अर्धा ठेवून गेले. पण त्यांचा मुद्दा खोटा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. सांगलीतल्या एका छापखान्यात मी पानं लावायचं काम करते. त्यामुळे पेपराच्या ज्या जागेकडे वाचक बघत नाही, तिथं माझी नजर आधी जाते. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. शिवाय वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६च्या नियमांनुसार वर्षातून एकदा, फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात, 'फॉर्म ४' नावाचं निवेदन छापायची पद्धत होती. त्यात मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावं द्यायची. मी ते निवेदन अनेकदा लावलंय. वाचकाला कळलं पाहिजे म्हणून केलेला हा नियम, आणि पानातली सगळ्यात लहान अक्षरं त्याच्याच वाट्याला.

तसं बघितलं तर मालकीत लपवण्यासारखं काही उरलेलंही नाही. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे, 'लोकमत' दर्डा कुटुंबाकडे, 'सामना' शिवसेनेचं (आता ठाकरे गटाचं) मुखपत्र, 'प्रहार' नारायण राणे यांनी सुरू केलेला. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं, २०२२च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कट्ट्यावरच्या वादात एकमेकांच्या तोंडावर फेकलं जातं. तुझा पेपर त्यांचा, तुझा चॅनेल ह्यांचा. त्यानं वाद संपतो, उजेड मात्र पडत नाही. कारण मालकाचं नाव ही अर्धी गोष्ट झाली. पेपर रोज ज्या पैशावर निघतो ती उरलेली अर्धी.

ती अर्धी मी पडद्यावर रोज बघते. नेत्याचा वाढदिवस जवळ आला की पुरवणीचं काम येतं. वर नेत्याचा मोठा फोटो, पार्श्वभूमी कापून घेतलेला, चेहरा उजळ केलेला. खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. त्या रांगेत कोण आधी, कोण नंतर, कुणाचा फोटो एक सूत मोठा, यावरून फोन येत राहतात. एखाद्या नगरसेवकाचा फोटो दुसऱ्या ओळीत गेला म्हणून रात्री साडेअकराला छपाईची प्लेट बदललेली मला माहीत आहे. कारखाना, पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती यांच्या जाहिराती कॉलम सेंटिमीटरच्या हिशोबानं लागतात आणि त्यांचे पैसे येतात. त्याच आठवड्यात त्याच कारखान्याच्या थकलेल्या बिलाची बातमी आली, तर ती कुठल्या पानावर जाईल हे सांगायला संपादकाला कुणाचा फोन यावा लागत नाही. पान लावणाऱ्या मुलीलासुद्धा ते कळतं.

तालुक्याच्या गावातून बातमी पाठवणारे माझ्या ओळखीचे जे वार्ताहर आहेत, त्यांना पगार नाही. ते जाहिरात आणतात, त्यावर कमिशन मिळतं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर धरणाबद्दल वाट्टेल ते फिरत होतं. खरा आकडा कुणाकडून यायचा? भिजत उभ्या असलेल्या अशाच एका वार्ताहराकडून. चाळीस फूट झालं की सांगलीकराच्या पोटात गोळा येतो, पंचेचाळीसला सामान वर चढवायला घेतात. त्या आकड्यावर लोकांनी म्हातारी माणसं हलवली, जनावरं हलवली. त्या माणसाला त्या आठवड्याचे किती मिळाले असतील, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

२००९च्या विधानसभा निवडणुकीत तर महाराष्ट्रानं याचं टोक बघितलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच, बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी प्रेस कौन्सिलसाठी २०१० साली त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलनं तो अहवाल बाजूला ठेवून त्याचा छोटा अवतार स्वीकारला. पैशाचं मूळ विचारणाऱ्यांचा अहवालसुद्धा कात्रीतून सुटला नाही.

आता जरा मागं जाते, कारण आपल्या गावानं हा प्रश्न एकदा फार चांगला सोडवला होता आणि ते आपण विसरलो आहोत.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं. एवढं प्रत्येक सांगलीकराला पाठ आहे. भाषणंही इथंच थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८५१ साली आप्पासाहेब गेले आणि दरबारचा हात आखडला. नटसंच, कपडे, मुखवटे, तालमी हा सगळा पसारा आणि डोक्यावर कर्ज घेऊन भावे उभे राहिले. नाटकावर कुणी बंदी घातली नव्हती, कुणी आक्षेप घेतला नव्हता. फक्त पैसे थांबले. मग ते मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. अनोळखी माणूस खिशातून पैसे काढतो, आत येऊन बसतो, आवडलं तर पुन्हा येतो. मराठी नाटक राजाचं राहिलं नाही, ते त्या क्षणी.

आणि याचा परिणाम बघा. पुढं सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'कीचकवध' लिहितात. इंग्रज सरकारला ते नाटक झोंबतं. पण सरकार त्याचे पैसे थांबवू शकत नाही, कारण पैसे सरकारचे नव्हतेच. ते पिटात, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या जागेवर बसणाऱ्या माणसाचे होते. म्हणून १९१० साली सरकारला उघडपणे, कायदा वापरून नाटकावर बंदी घालावी लागली. दरबाराच्या पैशावरचं नाटक बंद करायला नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. तिकिटावरचं नाटक बंद करायला सत्तेला समोर यावं लागतं, आपलं नाव लावावं लागतं, आणि मग लोकांना कळतं की कोण कशाला घाबरलं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

खाडिलकरांनी १९२३ साली स्वतःचं 'नवाकाळ' दैनिक काढलं. त्याआधी १९२१ मध्ये त्यांच्याच 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केला. नाटकवाल्यांनी राजकारणाला पैसे दिले. आज हे वाक्य उलटं फिरलेलं दिसतं.

कारण आज आपल्याकडं तिकिटाच्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, "पास आहे का?" नाट्यगृहात ज्यांना तिकीट परवडतं तेच पासासाठी सगळ्यात जास्त फोन करतात. कवी मित्राच्या पुस्तकाची प्रत भेट म्हणून हवी असते आणि सही करून हवी असते. दिवाळी अंक आला की आठवड्याच्या आत त्याची पीडीएफ फिरते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत ही चाल आहे, आपण तिचा अभिमान सांगतो, आणि त्यात लिहिणाऱ्याला मानधनाचं विचारायला लाज वाटावी अशी आपली वागणूक आहे. मुखपृष्ठ करून घेणारे मला सांगतात, "तुझं नाव टाकतो की." मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन कुणी असं म्हणत नाही. तिथं भोपळे टांगलेले असतात, कारागीर तारांखालच्या घोडीवर जवारी काढत, म्हणजे सूर खुलावा म्हणून ती घासत बसलेला असतो. एक धागा तारेखाली सरकवतो, वाजवून बघतो, पुन्हा किंचित घासतो. तंबोऱ्याचा दर तो सांगेल तो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद सगळ्यांना झाला. पण त्या तंबोऱ्यावर गाणाऱ्या मुलीला बोलावताना मात्र "प्रसिद्धी मिळेल" हेच मानधन असतं. हाताला लागणाऱ्या वस्तूचे पैसे द्यायचे आणि कानाला लागणाऱ्या सुराचे नाहीत, हे आपण कुठल्या न्यायानं ठरवलं?

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. स्वतःहून दिलेलं आणि परस्पर घेतलेलं यांत फरक आहे. 'एक टाइप' नावाच्या मुंबईच्या मंडळींनी 'मुक्त' हा देवनागरी टाइप, म्हणजे फाँट, खुल्या परवान्यावर दिला आहे. मी तो रोज वापरते, मानानं वापरते. बनवणाऱ्यानं दार उघडलंय. पीडीएफ फिरवणारा दुसऱ्याचं दार उघडतो आणि वर स्वतःला दानशूर समजतो.

अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, आपल्याच जिल्ह्यातले. १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीचे फ्लेक्स माझ्याकडंही येतात, आणि मी ते जीव लावून करते. १९६९ साली हा माणूस मुंबईत हलाखीत गेला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९च्या अखेरपर्यंत आहे. एका चौकातल्या फ्लेक्सच्या खर्चात शाळेच्या प्रत्येक वर्गाला त्यांचं एकेक पुस्तक विकत घेता येईल. हे मी फ्लेक्स करून घ्यायला येणाऱ्या पोरांना सांगते. काही ऐकतात. एका मंडळानं गेल्या खेपेला खरंच पुस्तकं घेतली.

मामांना तिकिटाची गोष्ट पटली, पण त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. "ज्याला परवडत नाही त्यानं काय करायचं? आणि पैसे दिले म्हणून पेपर आपला होतो व्हय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मामांच्याच गावात आहे. माझं आजोळ वाळवा तालुक्यात. तिथल्या जत्रेत तमाशा असायचा आणि त्यासाठी उंबऱ्यामागं वर्गणी निघायची. बागायतदाराची जास्त, मजुराची नावापुरती, कुणी धान्य द्यायचं. पण तमाशा सगळ्यांना फुकट. त्या वर्गणीची वही कित्येक वर्षं मामांकडं होती. जत्रा झाली की देवळात बसून हिशोब मोठ्यानं वाचला जायचा. आणि वगात सोंगाड्या सरपंचाला टोला हाणायचा, पाणी कुठल्या मळ्यात आधी जातं ते सगळ्या गावासमोर विचारायचा. सरपंच पुढच्या रांगेत बसून हसायचा, कारण त्याची वर्गणी होती तेवढीच इतरांचीही होती.

अलीकडच्या एका जत्रेत मी गेले तेव्हा मंचावर फ्लेक्स होता, अमुक साहेबांच्या सौजन्यानं. गण सुरू व्हायच्या आधी साहेबांचा सत्कार झाला. सोंगाड्या तोच तयारीचा होता, बोलायला तेवढाच तिखट. त्यानं सासूवर विनोद केले, मोबाइलवर केले, परगावच्या माणसांवर केले. पाणी कुठल्या मळ्यात जातं ते त्यानं विचारलं नाही. त्याला कुणी तसं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. वर्गणी बंद झाल्यामुळे गावाचे पैसे वाचले, याचा लोकांना आनंदच होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात 'सकाळ' काढला आणि तो वाचकांच्या जोरावर वाढवला. सरकारनं १९५६च्या कायद्यानं आणि १९६०च्या आदेशानं पेपराची किंमत आणि पानं यांची सांगड घालायचं ठरवलं. बड्या पेपरांपासून छोट्यांचं रक्षण हे कारण दिलं होतं. 'सकाळ' न्यायालयात गेला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केला. मराठी पेपरानं सगळ्या देशासाठी जिंकलेली ती लढाई आहे. पण १९७३ साली परुळेकर गेले, १९८०च्या दशकात शेअर दुसरीकडं गेले आणि त्या शेअरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००५ साली मिटला. ज्या वाचकांनी वर्षानुवर्षं रोज पैसे मोजून तो पेपर उभा ठेवला, त्यांचा त्या सगळ्यात काहीही शब्द नव्हता. वर्गणीच्या वहीत नाव असणं आणि गल्ल्यावर पैसे टाकणं यांत हे अंतर आहे.

म्हणून मी मामांना म्हणाले, "आपला जिल्हा सहकाराचा. ऊस सहकारी, दूध सहकारी, बँक सहकारी. मग पेपर का नाही?" बर्लिनमध्ये 'टाझ' नावाचं दैनिक १९९२ पासून वाचकांच्या सहकारी संस्थेचं आहे. तेवढं लांबही जायला नको. केरळात कोट्टायमला १९४५ साली लेखकांनी साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था काढली, स्वतः पुस्तकं छापली आणि लेखकाला ३० टक्के रॉयल्टी दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था उभी केली, ती लोकांच्या मूठमूठ धान्यावर वाढली. शाळेसाठी आपण हे करू शकलो, तर वाचण्यासाठी का नाही?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहकाराचं काय झालं ते मी टाइम ऑफिसात बसून बघितलंय पोरी. शेअर शेतकऱ्याचा आणि कारखाना साहेबांचा. वार्षिक सभेत पाच मिनिटांत 'मंजूर, मंजूर' म्हणायचं आणि पेढा घेऊन घरी जायचं. तुझा पेपर पण तसाच जाईल. आधी साहेब शंभर सभासद करणार आपल्या माणसांच्या नावावर, मग संचालक मंडळ त्यांचं."

याला माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं, आणि मामा बरोबर बोलत होते. पण मी त्यांना विचारलं की सभेत 'मंजूर' म्हणणारे कोण होते. साहेब एकटे होते का? सभासद सभेला यायचे थांबले, ताळेबंद वाचायचे थांबले, तेव्हा ते घडलं. जत्रेच्या वहीत असं कधी झालं नाही, कारण हिशोब सगळ्यांसमोर वाचला जायचा आणि चार आणे कमी निघाले तरी कुणीतरी उठून विचारायचं. मामा म्हणाले, "विचारायचे. माझ्या तोंडावर विचारायचे."

तेव्हापासून वाद बदलला आहे. आम्ही आता पक्षावर कमी आणि नियमांवर जास्त बोलतो. शाळेतल्या दोन बाई, एक निवृत्त वार्ताहर आणि एक फोटोग्राफर आमच्यात बसायला लागले आहेत. शहरापुरतं एक साप्ताहिक, बाजारभाव, नदीची पातळी, महापालिकेची सभा, एखादी चांगली कथा. एका माणसाला एकच मत, शेअर कितीही असोत. वाढदिवसाची जाहिरात घ्यायची नाही, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

अडलंय ते पुढं. मामांचं म्हणणं, आधी संस्थेची घटना लिहा, सभासद कुणाला करायचं आणि कुणाला नाही ते पक्कं करा, मग पावतीपुस्तक छापा. माझं म्हणणं, पहिल्या पानावर आधी दर लिहा. बातमीला किती, फोटोला किती, कथेला किती, पान लावणारीला किती, आणि छापून आल्यापासून किती दिवसांत. तेवढे पैसे जमत नसतील तर अंक काढायचा नाही. मामा म्हणतात, सुरुवातीला सगळ्यांनी थोडं फुकट केलं तर काय बिघडलं. यावर मी मागं सरकायला तयार नाही, तेही नाहीत. रविवारी पुन्हा बसणार आहोत, आणि मामा कारखान्याच्या उपविधीची, म्हणजे नियमावलीची, जुनी प्रत घेऊन येणार आहेत, कुठली कलमं गाळायची ते दाखवायला.